गिटारीचा वाल्व्ह-ध्वनिवर्धक : निवड, बांधणी व सावधगिरी

विद्युत्-गिटार हें वाद्य आतां आपल्याकडे अपरिचित राहिलेलें नाहीं. उपासनेंतील गीतांस साथ करतांना व स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर नाचणगांव-पुलगांवच्या मुलांनीं तें पाहिलें आहे, आणि 'रॉक' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताची गोडी लागलेले आमचे कित्येक विद्यार्थी आम्हांस विचारतात, "सर, घरांतल्या जुन्या रेडिओपासून गिटारीचा ॲम्प्लिफायर करतां येईल काय?" या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंच आहे. परंतु त्या उत्तराला ज्या अटी जोडलेल्या आहेत, त्यांवर प्रसंगीं वाजविणाऱ्याचा प्राण अवलंबून असतो. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांपुढेंही थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

तारेपासून कानापर्यंत

विद्युत्-गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतो व त्याच्याभोंवतीं अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे दिलेले असतात. तार छेडली कीं चुंबकीय क्षेत्रांत फरक पडतो, आणि मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमास अनुसरून त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. कोंकणांत व मुंबईंत मिरवणुकींतून वाजणाऱ्या बेंजोचें विद्युत्-रूपही याच तत्त्वावर चालतें. परंतु ही वीज किती, तर सुमारें एक-दशांश व्होल्ट. तिनें ध्वनिक्षेपकाचा जाड कागदी पडदा हलणें शक्य नाहीं. तिचें बळ वाढविणें हें ध्वनिवर्धकाचें कार्य होय.

हें कार्य प्रथम ज्या साधनानें साधलें, तेंच वाल्व्ह. कांचेच्या नळींतील हवा काढून टाकून आंत एक तंतु तापविला असतां त्याजवळच्या धातूच्या नळकांड्यांतून, म्हणजे कॅथोडमधून, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व धनभारित पट्टीकडे धांव घेतात. फ्लेमिंग यानें १९०४ सालीं असें दोन ध्रुवांचें वाल्व्ह केलें. ली डी फॉरेस्ट यानें १९०६ च्या सुमारास मधोमध तारेची एक जाळी बसविली, आणि सारा चमत्कार त्या जाळींत आहे. कालव्याच्या दारावर बसलेला मुलगा एका हातानें फळी वरखालीं करून शेतभर पाणी सोडतो वा अडवितो. त्याचप्रमाणें जाळीवरील अल्पशा दाबानें पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह कमीअधिक होतो. गिटारीच्या ध्वनिवर्धकांत सर्वत्र आढळणारें ईसीसी८३ अथवा १२एएक्स७ हें वाल्व्ह आपल्या एका अर्ध्या भागांत आलेला दाब सुमारें पन्नास-साठ पट करून पुढें पाठवितें.

आपल्याकडील वाल्व्हांचा काळ

ठाण्यांतील मर्फीच्या कारखान्याचे रेडिओ एके काळीं महाराष्ट्रांत घरोघर होते. मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ' कंपनीचे ध्वनिक्षेपक स्वातंत्र्य-चळवळीच्या सभांतून पुढाऱ्यांचा शब्द लाखों लोकांपर्यंत नेत. त्या काळच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ती पाटी आजही वाचतां येते. १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें पुढें देशांतच वाल्व्हें तयार केलीं. लखनौस जन्मलेले व मुंबईच्या चित्रपटसृष्टींत नांवारूपास आलेले व्हॅन शिप्ले यांनीं विद्युत्-गिटारीवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. पुढें 'सिमला बीट' स्पर्धेंतील वाद्यवृंदांच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९८६ पासून मुंबईंत 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरूं लागला. परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें त्या काळच्या तरुणांस विलायती यंत्रें सहसा मिळत नसत. तेव्हां जुन्या रेडिओकडे आशेनें पाहणारा आमचा विद्यार्थी कांहीं जगावेगळें करीत आहे असें नाहीं.

१९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला व कालांतरानें रेडिओंतून वाल्व्ह हद्दपार झालें. गिटारीच्या ध्वनिवर्धकांत मात्र तें टिकून राहिलें. आज तीं मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत तयार होतात.

वाल्व्हच कां?

वाल्व्हाला त्याच्या शक्तीबाहेर चालविलें म्हणजे लहरींचे माथे हळूहळू गोलावतात व मूळ स्वरांत नवे स्वर मिसळतात. एकच शक्ति-वाल्व्ह असलेल्या यंत्रांत मुख्यतः दुप्पट कंपसंख्येचा स्वर उमटतो. म्हणजे षड्ज वाजविला तर त्याच्या मागें तार षड्ज ऐकूं येतो. तिप्पट कंपसंख्येचा स्वर आला तर तो तार सप्तकांतील पंचम होय. ज्याला इतर यंत्रांत दोष म्हणावें, तोच येथें गुण ठरतो, कारण हे स्वर मूळ स्वराशीं सुसंवादी असतात. ट्रान्झिस्टरच्या साध्या यंत्रांत लहरींचे माथे कात्रीनें कापल्यासारखे एकदम छाटले जातात व आवाज कर्कश होतो.

रॉक संगीताचा तो परिचित भरदार आवाज अशाच यंत्रांतून निघाला. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर याच्या 'बासमन' ध्वनिवर्धकाची रचना समोर ठेवून लंडनच्या हॅनवेल भागांतील दुकानदार जिम मार्शल व त्याचे सहकारी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनीं १९६२ च्या सुमारास आपलें पहिलें यंत्र तयार केलें. रचना बहुतांशीं तीच, परंतु वाल्व्हें, ट्रान्सफॉर्मर व ध्वनिक्षेपक इंग्लंडांत मिळणारे घातल्यामुळें आवाज निराळा झाला. व्हॉक्स कंपनीच्या 'एसी ३०' मध्यें चार ईएल८४ वाल्व्हें असत. जुन्या घाटाचें यंत्र विकत घेणाऱ्यास बहुधा या तीन कुळांतून निवड करावी लागते.

किती शक्तीचें घ्यावें?

येथें विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते. पन्नास वॅटचें यंत्र पांच वॅटच्या दहापट मोठ्यानें वाजेल अशी समजूत असते. मानवी कान तसा हिशेब करीत नाहीं. शक्ति दहापट झाली तर आवाज सुमारें दुप्पट वाटतो, आणि शक्ति दुप्पट झाली तर फरक केवळ जाणवण्याइतका असतो. शिवाय वाल्व्हाचा गोड आवाज यंत्र पूर्ण भरांत असतांना निघतो. पन्नास वॅटचें यंत्र घरांत पूर्ण भरांत चालविलें तर शेजारी उठून येतील. म्हणून घरीं व वर्गांत पांच वॅट, आणि ढोलाच्या बरोबरीनें सभागृहांत वाजवावयाचें असल्यास पंधरा ते वीस वॅट पुरेसे आहेत. पैसे उरल्यास ते चांगल्या ध्वनिक्षेपकावर खर्च करावेत.

बांधणी

नवशिक्यानें फेंडरच्या 'चॅम्प' या लहान यंत्राचा आराखडा घ्यावा. त्यांत तीनच वाल्व्हें आहेत : एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि विजेचा प्रवाह एकमार्गी करणारें एक ५वाय३. गिटारीचा संदेश १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्यांत वाढतो, दहा लक्ष ओहमच्या नियंत्रकांतून जाऊन दुसऱ्या अर्ध्यांत पुन्हा वाढतो, व तेथून ६व्ही६ कडे जातो. दोन्ही अर्ध्यांस पट्टीकडे एक लक्ष व कॅथोडकडे पंधराशें ओहमचा रोध असतो.

येथें वर्गांतील गणित कामास येतें. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रोध आहे. त्यावर १९ व्होल्ट मोजले गेले, तर ओहमच्या नियमानें १९ भागिले ४७०, म्हणजे सुमारें ०.०४ ॲम्पिअर प्रवाह झाला. पट्टी व कॅथोड यांत ३०० व्होल्टांचें अंतर असल्यास वाल्व्ह सुमारें १२ वॅट खर्च करीत आहे. त्यांतून ध्वनीसाठीं चार-पांच वॅटच मिळतात. बाकीची उष्णता होते. यास्तव पेटीस वाराछिद्रें ठेवावीं. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत तर तीं अवश्यच.

दुसरें उदाहरण ट्रान्सफॉर्मरचें. वाल्व्हाला सुमारें ५००० ओहमचा भार हवा, आणि ध्वनिक्षेपक आहे ८ ओहमचा. गुणोत्तर ६२५ झालें. त्याचें वर्गमूळ २५. म्हणून वेढ्यांचें प्रमाण २५ ला १ असें असावें. ध्वनिक्षेपक जोडल्यावांचून यंत्र कधींही चालवूं नये, नाहींतर हाच ट्रान्सफॉर्मर जळतो.

सर्वांत महाग भाग म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर. लहानसहान सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतें.

प्राणाशीं गांठ

आतां जें सांगतों तें प्रत्येकानें दोनदां वाचावें. या पेटींत ३०० ते ४०० व्होल्टांचा दाब असतो, आणि वाजविणाऱ्याचे दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात. १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वे हा गिटारवादक नीट अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. १९७६ सालीं कीथ रेल्फ हा गायक स्वतःच्या घरीं सदोष अर्थच्या गिटारीमुळें गेला. दोघेही अनुभवी होते.

पहिली गोष्ट : जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मर आहे कीं नाहीं तें पाहावें. एसी-डीसी प्रकारच्या रेडिओंत, ज्यांतील वाल्व्हांचीं नांवें बहुधा 'यू' या अक्षरानें सुरू होतात, मुख्य वीज सरळ पत्र्याच्या सांगाड्यास जोडलेली असते. गिटारीची तार त्या सांगाड्यास जोडणें म्हणजे २३० व्होल्ट हातांत घेणें होय. असा रेडिओ या कामास केव्हांही घेऊं नये.

दुसरी गोष्ट : तीन पिनांचा प्लग लावून अर्थची तार सांगाड्यास बोल्टानें घट्ट आवळावी, व जिवंत तारेंत फ्यूज बसवावा. १९५० च्या दशकांतील अमेरिकन यंत्रांस दोनच पिना असत. तीं यंत्रें १२० व्होल्टांचीं असल्यामुळें आपल्याकडे योग्य ट्रान्सफॉर्मरही लागतो.

तिसरी गोष्ट : भिंतींतील तिसऱ्या छिद्रामागें खरोखर अर्थ आहे काय, हें जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. मीठ व कोळसा घालून केलेला खड्डाही उन्हाळ्यांत कोरडा पडतो. आपली काळी माती तर भेगाळते. त्यांत वेळोवेळीं पाणी घालावें. शिवाय ३० मिलिॲम्पिअरला वीज तोडणारें यंत्र घरांत बसवावें.

चौथी गोष्ट : बटण बंद केलें, प्लग काढला, तरी आंतील कपॅसिटर भारलेले राहतात. त्यांस २,२०,००० ओहमचा, दोन वॅटचा रोध कायम जोडावा. तरीही मीटरनें मोजल्याशिवाय आंत हात घालूं नये. चालू यंत्रांत मोजतांना एक हात पाठीमागें ठेवावा, आणि जवळ दुसरें जाणतें माणूस असावें. एकट्यानें रात्रीं हें काम करूं नये.

पालकांस दोन शब्द

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असें म्हणून कित्येक पालक मुलाच्या हातांतील सोल्डरिंगची कांडी काढून घेतात. आम्हांस तसें करणें योग्य वाटत नाहीं. मनाई केलेला मुलगा हें काम सोडील असें नाहीं. तो तें लपून, एकट्यानें व रात्रीं करील, आणि खरा धोका तेथेंच आहे. त्यापेक्षां त्याला दिवसा, शाळेच्या प्रयोगशाळेंत, विज्ञानाच्या शिक्षकासमोर काम करूं द्यावें. सहा महिन्यांत तो ओहमचा नियम, वर्गमूळ व स्वरांचें गणित अशा रीतीनें शिकेल कीं परीक्षेनंतरही तें त्यास विसरणार नाहीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच : आधीं अर्थ, मग सूर. ज्याचा पहिला क्रम चुकत नाहीं, त्यानें दुसरा खुशाल मनमुराद लावावा.