पहारेकरी पेशी

मुलांनो, दीड वर्षाच्या बाळाला त्रिगुणी लस टोचली की रात्री त्याचे अंग तापते. घरातील माणसे म्हणतात, "चांगल्या बाळाला उगीच आजारी केले!" हा ताप का येतो, ते पाहू या.

आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्यांना फांद्यांसारखे हात असतात. त्यांचे नाव डेंड्रायटिक पेशी. राल्फ स्टाइनमन व झानविल कोन यांनी त्या १९७३ साली ओळखल्या. ही पेशी सापडेल ते गिळते. गिळलेल्यात जंतूची खूण आढळली, की ती खडबडून जागी होते. मग ती लसिकाग्रंथीत जाते आणि जंतूचा तुकडा, म्हणजेच प्रतिजन, टी-पेशींना दाखवते. टी-पेशी शत्रूला ओळखून लढाईची तयारी करतात. खूण नसेल, तर त्या सहसा शांतच राहतात.

पुण्यात हडपसरला १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये त्रिगुणी लसही बनते. ही लस घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासून रक्षण करते. तिच्यातील डांग्या खोकल्याचे जंतू मेलेले असतात. पण त्यांच्या खुणा शाबूत असतात. त्या पाहून पहारेकरी जागे होतात. त्यामुळे बाकीच्या दोन रोगांची ओळखही पक्की होते. जाग्या झालेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात, म्हणून अंग तापते.

तेव्हा साध्या तापाला घाबरून पुढची लस चुकवू नये. ताप फार वाढला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. आज घरी गेल्यावर हे अम्मीला आपल्या भाषेत समजावून सांगा.