रात्रपाळीचं आकाश: खुल्या डेटातून शिकलेल्या सहा गोष्टी

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. राहायला भोसरी. आमच्या गच्चीवरून एमआयडीसीच्या उजेडात मोजून चार-दोन तारे दिसतात. तरीही आकाशाचा नाद सुटला नाही, कारण आता ते लॅपटॉपवर येतं. मोठी आकाश-सर्वेक्षणं आपली छायाचित्रं, वर्णपट आणि ताऱ्यांच्या याद्या टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुल्या करतात. पैसे लागत नाहीत, पदवीही कोणी विचारत नाही. या नादातून जे कळलं, ते असं.

१. दुर्बीण नाही म्हणून अडत नाही.
अमेरिकेतल्या 'स्लोन' सर्वेक्षणाने २००१मध्ये पहिला डेटा खुला केला. त्याच सर्वेक्षणाच्या नोंदी चाळून पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०१७ साली दीर्घिकांचा 'सरस्वती' हा महासमूह जाहीर केला. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं, पसारा साधारण ६० कोटी प्रकाशवर्षं. डेटा जगासमोर पडलेलाच होता. नेमकं काय शोधायचं, हे ठरवून तो धुंडाळणारे मात्र पुण्याचे निघाले.

२. सगळं डाउनलोड करायच्या फंदात पडू नका.
युरोपच्या 'गाया' यानाच्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये (जून २०२२) सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद आहे. ती उतरवून घ्यायची गरज नसते, प्रश्न गायाच्या ऑनलाइन संग्रहाकडेच पाठवायचा असतो. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची तोंडओळख असेल तर काम भागतं. ईआरपीमधून रिपोर्ट काढणारा आमचा कोणीही ते करू शकेल. मी सुरुवात कृत्तिकांपासून केली. आकाशाच्या त्या तुकड्यातले, ७ ते ८ मिलीआर्कसेकंद पॅरलॅक्स असलेले, म्हणजे साधारण कृत्तिकांच्याच अंतरावरचे तारे मागवले आणि प्रत्येक तारा आकाशात कुठल्या दिशेने किती सरकतो, त्याचा आलेख काढला. बरेचसे ठिपके एकाच ठिकाणी दाटले, बाकीचे इकडेतिकडे विखुरले. दाटलेले ते कृत्तिकांचे, एकत्र जन्मून आजही एकत्र चाललेले.

३. आकडा विचित्र दिसला म्हणून खोडू नका.
पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा किंचित हललेला भासतो. ते हलणं म्हणजे पॅरलॅक्स, आणि त्यावरूनच अंतर काढतात. गायाच्या यादीत मात्र कित्येक ताऱ्यांचा पॅरलॅक्स ऋण आहे. प्रत्यक्षात तो ऋण असूच शकत नाही. पण तारा फार लांबचा आणि अंधुक असला, की मोजमापातली त्रुटी मूळ आकड्याहून मोठी ठरते आणि उत्तर शून्याखालीही घसरतं. तेवढेच आकडे काढून टाकले, तर उरलेल्यांची सरासरी एका बाजूला झुकते. म्हणून शेजारचा त्रुटीचा रकाना आधी वाचावा.

४. रंगीत ठिपका म्हणजे लगेच शोध नव्हे.
स्लोनच्या चित्रांत कधीकधी लाल, हिरवा आणि निळा असे ठिपके ओळीने दिसतात. पहिल्यांदा पाहणारा हरखतो. खरं तर तो एकच लघुग्रह असतो. कॅमेऱ्याचे फिल्टर एकामागोमाग एक आकाश टिपतात आणि तेवढ्या मिनिटांत लघुग्रह पुढे सरकलेला असतो. उपकरण कसं चालतं हे कळल्याशिवाय चित्र कळत नाही. पण म्हणून बघणं सोडायचं नाही. 'गॅलॅक्सी झू' या लोकसहभागाच्या प्रकल्पात याच चित्रांतून हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेने २००७ साली एक अनोखा तेजोमेघ हेरला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

५. जुना डेटा शिळा होत नाही.
चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेलं, की जवळच खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आकाश पिंजून काढलं. पुढे वेगळ्याच गटाने तीच साठवलेली निरीक्षणं नव्या पद्धतीने, पहिल्यापासून तपासली आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी २०१६मध्ये सर्वांसमोर ठेवली. कच्चा माल जपून ठेवला नसता, तर हे झालंच नसतं.

६. कोणता रिलीज वापरला, ते लिहून ठेवा.
कारखान्यात ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर न बघता कोणी भाग तपासत नाही. इथेही तसंच. गायाच्या दुसऱ्या रिलीजमध्ये ताऱ्याला असलेला क्रमांक तिसऱ्यातही तोच असेल, याची खात्री नसते. आकडे तर सुधारतातच. गाया यान मार्च २०२५मध्ये बंद केलं, पण त्याच्या निरीक्षणांचा हिशेब अजून चालू आहे आणि चौथा रिलीज यायचा आहे. कृत्तिकांची ती क्वेरी मी तारीख आणि रिलीज क्रमांकासह जपून ठेवली आहे. नवे आकडे आले, की तीच पुन्हा चालवायची आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघायचे.