नेकचंद यांची दगडांची बाग

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी आमच्या वर्गाला 'निसर्ग आणि कलावंत' हा विषय मिळाला आहे. कोणी वारली चित्रांवर लिहिले, कोणी कुंभाराच्या चाकावर. मी चंदीगडच्या नेकचंद सैनी यांच्यावर लिहिणार आहे. त्यांनी नदीतले दगड आणि लोकांनी फेकलेल्या फुटक्या वस्तू यांची एक मोठी बाग केली. तिला रॉक गार्डन म्हणतात. बाईंनी आम्हाला तिची पुष्कळ चित्रे दाखवली.

चंदीगड ही पंजाब आणि हरियाणा अशा दोन राज्यांची राजधानी आहे. हे शहर आपल्या गावासारखे हळूहळू वाढलेले नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. मग पंजाबला नवी राजधानी पाहिजे, म्हणून आधी कागदावर नकाशा काढला आणि मग शहर बांधले. ल कॉर्ब्युझिए नावाच्या परदेशी वास्तुशिल्पकाराने त्याची रचना केली. रस्ते कसे, तर पट्टीने आखल्यासारखे.

नेकचंद यांचा जन्म १९२४ साली झाला. त्यांचे गाव आता पाकिस्तानात आहे. लहानपणी त्यांची आई त्यांना राजाराणीच्या आणि पऱ्यांच्या गोष्टी सांगायची. फाळणीत घरदार, शेती सोडून त्यांना इकडे यावे लागले. पुढे चंदीगड बांधायला सुरुवात झाली, तेव्हा ते बांधकाम खात्यात नोकरीला होते. रस्त्यांच्या कामावर देखरेख करायची, अशी त्यांची साधी नोकरी होती. चित्रकलेच्या शाळेत ते कधी गेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, रस्त्यावर देखरेख करणारा माणूस कलावंत कसा झाला? तेच तर सांगायचे आहे.

नवे शहर काही रिकाम्या माळावर झाले नाही. तिथे वीसपेक्षा जास्त गावे होती. ती उठवली आणि घरे पाडली. मागे काय राहिले? विटा, कौले, फुटकी मडकी, कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली. लोकांना तो ढिगारा वाटला. नेकचंद सायकलवरून कामाला जाता-येता ते उचलून आणू लागले.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजी पीठ चाळायची थांबली. आजीचे माहेर उजनी धरणात गेले आहे. १९८० साली धरण पुरे झाले आणि भीमा नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते, ते मी पाहिले आहे. आजी म्हणाली, "आमच्या दादांनी घराचा उंबरा काढून बैलगाडीत घातला होता गं. लोक हसले, म्हणाले दगड कशाला नेता? पण त्या उंबऱ्यावर बसून आम्ही जेवलेलो." तो उंबरा अजून मामांच्या अंगणात आहे, धुणे धुवायला. मला वाटते नेकचंद यांनाही असेच वाटले असेल. त्यांचे स्वतःचे गाव सुटले होते, आणि इथे दुसऱ्यांच्या गावांचे तुकडे पडले होते.

दगड मात्र त्यांनी निसर्गातून आणले. चंदीगडच्या वरच्या अंगाला शिवालिक डोंगर आहेत. तिथून घग्गर नदी आणि सुखना ओढा येतो. पावसाळ्यात पाणी दगडांना लोळवते, घासते आणि त्यांना आकार येतो. एखादा बसलेल्या माणसासारखा, एखादा पक्ष्यासारखा, एखादा उंटासारखा. नेकचंद असे दगड हेरून सायकलला बांधून आणायचे. बरे का, हे दगड त्यांनी छिन्नीने कोरले नाहीत. पाण्याने जसे घडवले तसेच उभे केले. दगडातही जीव असतो, अशी त्यांची समजूत होती.

सुखना तलावाजवळ सरकारी जंगल होते. तिथे कोणालाही काही बांधायची मनाई होती. नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास तिथेच थोडी जागा साफ करून एक झोपडी केली आणि गुपचूप दगड मांडायला सुरुवात केली. दिवसा नोकरी, संध्याकाळनंतर हे काम. जुने टायर जाळून ते उजेड करायचे. कोणाला कळले असते तर नोकरी गेली असती आणि सगळे पाडले गेले असते. तरी त्यांनी हे अठरा वर्षे केले. आमच्या वर्गातल्या कोणाच्याही वयापेक्षा जास्त!

आता त्यांची काम करायची पद्धत सांगते, कारण ती मला सगळ्यात आवडली.

आपण कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' करतो. त्यात काय होते? आधी ठरते की पेन ठेवायचा डबा करायचा, मग आपण डबा शोधतो, त्याला रंगीत कागद चिकटवतो. डबा झाकून जातो. नेकचंद यांचे उलट होते. ते आधी वस्तू गोळा करून ठेवायचे. वर्षानुवर्षे नुसता साठा. वस्तूकडे बघता बघता तिच्यात काय आहे ते सुचायचे. आणि केल्यावरही ती वस्तू लपवायची नाही. बशी ही बशीच दिसते आणि त्याच वेळी ती राणीच्या घागऱ्याची नक्षीही दिसते.

माणसे आणि जनावरे ते अशी करायचे. आधी आत सांगाडा. त्याला मोडक्या सायकलचे भाग लागायचे. सायकलचा चिमटा म्हणजे पाय, मधली चौकट म्हणजे अंग, सीट म्हणजे जनावराचे तोंड. त्यावर जुनी पोती गुंडाळून सिमेंट आणि वाळू थापायची. शेवटचा थर ओला असतानाच त्यात बांगड्यांचे, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवायचे. काही भिंतींना तर विजेचे जुने सॉकेट लावलेले आहेत. चित्रात बघताना आधी नक्षी वाटते, मग जवळून बघितले की कळते.

(सायकलचे सीट म्हणजे जनावराचे तोंड, हे आणखी एका कलावंताला सुचले होते. पिकासो नावाच्या मोठ्या चित्रकाराने १९४२ साली सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले, असे बाईंनी सांगितले.)

बांगड्यांबद्दल एक गंमत. आमच्या घरी बांगडी फुटली म्हणायचे नसते, वाढली म्हणायचे. मी नेहमी विचारायची की तुकडे झाले तर वाढली कशी? नेकचंद यांच्या बायका बघा, डोक्यापासून पायापर्यंत बांगड्यांच्या आहेत. तिथे मात्र बांगड्या खरोखर वाढल्या आहेत.

१९७५ च्या सुमारास हे गुपित सरकारला कळले. तोपर्यंत बाग बारा एकर झाली होती! आमचे रान दोन एकर आहे, म्हणजे तशी सहा राने. अंगणामागे अंगण, आणि त्यात रांगेने उभी माणसे, माकडे, नाचणाऱ्या बायका, वाद्ये वाजवणारे. सरकार पेचात पडले. कायद्याने पाहिले तर जागा सरकारी, बांधकाम चोरून केलेले, म्हणजे पाडायला पाहिजे. पण ज्यांनी ज्यांनी ते पाहिले त्यांना ते पाडू नये असे वाटले. लोकांनी बाजू घेतली. शेवटी १९७६ साली बाग सगळ्यांना खुली झाली. नेकचंद यांना त्याच कामाचा पगार सुरू झाला आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. ज्या कामासाठी नोकरी जायची, तेच काम त्यांची नोकरी झाले. शहरात मोडक्या वस्तू जमा करायला जागाही ठेवल्या.

यावर आमच्या वर्गात भांडण झाले. एक मुलगा म्हणाला, "सरकारी जागेत आपण गोठा बांधला तर पाडतात, मग यांचे का नाही पाडले?" बाई म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, सगळ्यांनी विचार करा. मी विचार केला. गोठा आपल्या एकट्याच्या उपयोगाचा असतो. नेकचंद यांनी बागेत स्वतःसाठी घर बांधले नाही, आणि बाग सगळ्यांची झाली. तरी त्या मुलाचे अजून पटलेले नाही. त्याने आपले मत शेजारच्या कागदावर लिहिले आहे, तेही वाचावे.

पुढे १९८३ साली या बागेचे टपाल तिकीट निघाले आणि १९८४ साली नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेतही त्यांनी वॉशिंग्टन शहरात मुलांच्या संग्रहालयासाठी अशी बाग केली. इकडची बाग वाढत वाढत चाळीस एकर झाली. आत धबधबे आहेत, मोठमोठे झोके आहेत. दारे मात्र मुद्दाम ठेंगणी ठेवली आहेत. मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागते. आपण मुले ताठ जाऊ शकतो.

पण पद्मश्री मिळाली म्हणून बाग कायमची वाचली, असे झाले नाही. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा गावातली माणसे आडवी उभी राहिली. नेकचंद २०१५ साली वारले. २०२५ साली कोर्टाकडचा रस्ता रुंद करायला बागेच्या भिंतीचा एक भाग पाडलाच. तेव्हाही लोक जमले होते. भिंतीचे पडलेले तुकडे कोणी उचलून ठेवले का, हे मला विचारायचे आहे, पण कोणाला विचारावे?

आमच्या वर्गानेही करून पाहिले. अट एकच होती : काय करायचे ते आधी ठरवायचे नाही, सापडेल ते आणायचे. आम्ही ओढ्यावर गेलो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नुसते गुळगुळीत, गोल दगड आणले. ते मांडले तर बटाटे वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही सावकाश पाहिले. मला एक चपटा दगड सापडला, त्याला एका बाजूला टोक आणि मध्ये पांढरी रेघ. मी त्याला दोन दिवस खिडकीत ठेवला. आडवा ठेवला तर मासा, उभा ठेवला तर डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. मी उभा ठेवला. आजी म्हणते, ही माझ्यासारखी नाही, माझ्या आईसारखी आहे.

सायकलवाल्या काकांनी एक फाटके सीट दिले, त्याची म्हैस झाली आहे. शिंगे बाभळीच्या फांदीची आहेत. ती वाळून आता जरा वाकडी झाली, पण म्हशीची शिंगे वाकडीच असतात. बोरीच्या बियांचे, नारळाच्या करवंटीचे आणि तुटक्या चपलेचे काय काय केले आहे, ते सगळे व्हरांड्यात उजव्या बाजूला मांडले आहे.

पालकांनी जरूर बघावे. उचलून पाहिले तरी चालेल. फक्त बांगड्यांच्या मोराला हात लावू नका, त्याचे सिमेंट काल दुपारी लावले आहे, आणि काचेची टोके अजून वर आहेत. घरी वाढलेल्या बांगड्या असतील तर पुडीत बांधून मुलांबरोबर पाठवा. मोराचा पिसारा अर्धाच झाला आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी