‘घरात कुणाला टीबी होता का?’

इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला टीबी झाला होता का?” शेजारी मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या. मी चटकन ‘नाही’ म्हटलं. मी दहावीत असताना वडिलांना टीबी झाला होता, त्यांचं सगळं मीच करायचे. पण माहेरची ही गोष्ट सासरी कधी काढली नव्हती.

माझा संधिवात नऊ वर्षांचा. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड सगळं चालू होतं, तरी सकाळी दोन-दोन तास बोटं आखडलेली असायची. कुकरचं झाकणसुद्धा मुलगी लावून द्यायची. म्हणून अडालिमुमॅबचं इंजेक्शन ठरलं, दर पंधरा दिवसांनी 40 मिलिग्रॅम, पोटावर कातडीखाली. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी मी स्वतः कणीक मळली. परातीत बोटं सहज वळत होती. डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या महिन्यात संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरलं. दगदग झाली असेल, असं म्हणत अंगात ताप असतानाच आणखी दोन इंजेक्शनं घेतली. मग जिना चढताना धाप लागू लागली. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं, टीबीचं. इंजेक्शन बंद झालं, सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू झाला आणि बोटं पुन्हा आखडली.

अडालिमुमॅब हे औषध सांधे सुजवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवतं. पण अंगात दडून बसलेल्या टीबीच्या जंतूंभोवतीचं कुंपणही तेच प्रथिन राखतं. ते ढिलं पडलं की जंतू मोकळे. माझी टीबीची मांटू चाचणी निगेटिव्ह होती. पण स्टेरॉइड चालू असताना ती फसवू शकते. मी खरं बोलले असते, तर आधी प्रतिबंधक गोळ्या आणि नंतर इंजेक्शन, असा सरळ मार्ग होता.

औषध वाईट नाही. त्याने माझे हात मला परत दिले होते. म्हणूनच सांगते, पहिल्या इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी करून घ्या. कुणासमोर बोलणं अवघड वाटलं, तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं डॉक्टरांना सांगा. ताप, खोकला, रात्रीचा घाम, घटणारं वजन यांपैकी काहीही दिसलं, तर पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कोणतीही लस त्यांना विचारूनच घ्या.

टीबी बरा होतो. वडिलांचा झाला, माझाही झाला. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा.