पिणाऱ्याच्या घरातील न पिणारे

दारूविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बहुतेक ठिकाणी पिणारा माणूस मध्यभागी असतो. त्याने सोडली की नाही, एवढाच प्रश्न. घरातील इतर चार माणसे कडेला उभी असतात. प्रस्तुत लेखात त्या चार माणसांचा विचार करावयाचा आहे.

मराठी विषय घेतलेल्यांना गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ परिचित आहेच. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची चर्चा सुधाकराची शोकांतिका म्हणून होते. सिंधूला आपण अश्रू आणि आदर देऊन मोकळे होतो. दळण दळून संसार रेटणारी सिंधू मरता मरताही नवऱ्याच्या अपराधावर पांघरूण घालते, आणि त्यालाच आपण पातिव्रत्य म्हणतो. मला वाटते, ते पांघरूण हाच खरा अभ्यासाचा विषय आहे. शिरड शहापूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ते आजही रोज घातले जाते. शेतमालकाकडे ‘त्यांना ताप आलाय’ असा निरोप धाडणे, गुत्त्यावरची उधारी हळद काढणीच्या मजुरीतून गुपचूप फेडणे, पाहुणे आले की ‘वसमतला गेलेत’ म्हणून सांगणे, ही सारी कामे बायको, आई नाहीतर शाळकरी पोर करते. हेतू घराची अब्रू राखण्याचा असतो. परिणाम मात्र असा की पिण्याची किंमत पिणारा सोडून सगळे मोजतात.

हे ज्या बाईने स्वतःच्या अनुभवातून ओळखले, तिचे नाव लोइस विल्सन. तिचा नवरा बिल आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना सुरू केली. बिल पीत होता त्या काळात लोइसने नोकरी करून घर चालवले, त्याला सावरण्याची पराकाष्ठा केली. दारू सुटली ती मात्र त्याच्या नव्या मित्रांच्या संगतीत. एके दिवशी ‘सभेला उशीर होईल, आटप’ अशा अर्थाचे काही तो बोलला, तेव्हा तिने हातातला जोडा भिरकावला. (आपल्याकडेही हत्यार तेच!) नवरा पीत नाही, तरी आपला संताप का जात नाही, या विचारातून तिला उमगले की आजाराची झळ आपल्यालाही लागली आहे. पुढे १९५१ साली तिने अ‍ॅन या मैत्रिणीसह कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ उभी केली. तिथे शिकवण अशी की हे व्यसन मी लावलेले नाही, ते माझ्या ताब्यात नाही आणि ते बरे करणेही माझ्या हाती नाही. रोज ‘तुझ्याच पायगुणाने तो पितो’ असे सासूकडून ऐकणाऱ्या बाईला यातले पहिले वाक्यच पुष्कळ आहे.

महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. परंतु पुणे इथून रात्रभराच्या गाडीचे. मजुरी बुडवून कोण जाणार? आणि गावातच असा गट काढला, तर दारातून आत जाणारी बाई पाराने पाहिलीच म्हणून समजा. गावाला सगळे माहीत असते, फक्त बोलायचे नसते.

म्हणून मोबाईलवरील सभा महत्त्वाच्या वाटतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा सभांचा प्रसार वाढला. फी नाही, आडनाव सांगायचे नाही, कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकले तरी चालते. कोणी उपदेश करीत नाही, जो तो आपलेच सांगतो. माझ्या एका आत्याने माझ्याच मोबाईलवर, कानात तार घालून, अशी सभा ऐकली. तासभर ती काही बोलली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, ‘ती बाई बी पगाराच्या दिवशी पोरांना लवकर झोपवायची.’ त्या महिन्यात तिने गुत्त्यावरची उधारी फेडली नाही. घरात आदळआपट झाली, आणि आत्याचे हे बरोबर की चूक यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.

याच मोबाईलवर ‘नकळत भाजीत मिसळा, दारू सोडवा’ अशा जाहिरातीही येतात, त्यांपासून सावध राहावे. डायसल्फिराम हे औषध डॉक्टर वापरतात, पण रुग्णाला सांगून, तपासून. चोरून दिले आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब एकदम उतरून जीवावर बेतू शकते. तसेच रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोंडून एकाएकी तोडली, तर झटके येतात, भ्रम होतो. तेथे दवाखानाच हवा. मारहाण होत असेल तर सभेची वाट न पाहता ११२ वर फोन करावा. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ हा शासकीय क्रमांक आहे.

खरी अडचण निराळीच आहे. पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो, आणि तो पिणाऱ्याच्या खिशात. दोन खोल्यांच्या घरात कानात तार घालून बसलेली बाई लपत नाही. आपल्या महाविद्यालयाची अभ्यासिका रविवारी बंद असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलींनी तेथे दुपारी एक तास दोन मोबाईल घेऊन बसावे आणि ‘शिवणकामाची माहिती’ असा फलक लावावा, अशी विनंती मी प्राध्यापकांकडे केली आहे. फलकावर काय लिहावे याबद्दल त्यांचे मत वेगळे आहे. खोलीला त्यांनी नकार दिलेला नाही.