पिल्लू घरात घाण करते? मारू नका, वेळ सांभाळा!

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय या सदरात घेतला, कारण ज्या फरशीवर कुत्र्याचे पिल्लू घाण करते, त्याच फरशीवर घरातले लहान मूल रांगत असते. जंतांच्या तक्रारीसाठी मूल दवाखान्यात आणले की ‘घरात कुत्रे आहे का?’ असे मी हमखास विचारतो.

कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लाच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी बाहेर पडतात. मळक्या हातांवाटे ती मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृत, फुप्फुसे, क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. मात्र ही अंडी रोगकारक बनायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून घाण लगेच उचलणे हाच मोठा बचाव आहे. लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. हातावर जखम असेल तर ती उघड्या हाताने पुसू नये.

आता सवयीविषयी. पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास ते लघवी धरू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लाने चार तास थांबावे ही अपेक्षाच चुकीची. हा त्याचा खोडसाळपणा नव्हे. पुढील पथ्ये पाळावीत :

१) खाणे ठरलेल्या वेळी द्यावे.

२) झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला एकाच ठरावीक जागी न्यावे. जमीन हुंगत गोल फिरू लागले तर तत्काळ उचलावे.

३) तिथे विधी उरकताच जागेवरच शाबासकी द्यावी. घरी आल्यावर दिलेले बिस्कीट कशाबद्दल, हे त्याला उमगत नाही.

४) घरात घाण झाल्यास साबणाच्या पाण्याने जागा धुऊन वास पूर्ण घालवावा. वास उरला की पिल्लू पुन्हा तिथेच बसते. अमोनियायुक्त द्रावण टाळावे. त्याचा वास लघवीसारखाच असतो.

घाणीत नाक घासणे, चपलेने मारणे हे प्रकार मुळीच करू नयेत. मार खाल्लेले पिल्लू शहाणे होत नाही. ते पलंगाखाली लपून घाण करते. शिवाय भेदरलेले कुत्रे चावते. चावल्यास वा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

सवय लागलेले मोठे कुत्रे अचानक घरात लघवी करू लागले, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. त्याला रागावण्याआधी पशुवैद्यांना दाखवावे. जंताचे औषध आणि लसी त्यांच्याच सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात. आणि कुत्र्याशी खेळून आलेल्या मुलाने हात धुतल्याखेरीज ताटावर बसू नये, हा नियम घरात सर्वांनी पाळावा.