मनगटावरची साखर

मधुमेहाच्या रुग्णास "साखर किती आहे?" असे विचारले असता पूर्वी तो पिशवीतून प्रयोगशाळेचा कागद काढून पुढे करीत असे, हल्ली तो मनगट पुढे करतो. त्या मनगटावर हजार-पंधराशे रुपयांचे, रात्री मोबाइलवर पाहून मागविलेले आणि दोन-चार दिवसांनी दारातच पैसे मोजून घेतलेले एक घड्याळ असते. हृदयाचे ठोके, रक्तदाब, प्राणवायू आणि रक्तशर्करा ही चारही प्रमाणे आपण सुई न टोचता व पट्टी न गुंडाळता सांगतो, असा त्याच्या जाहिरातीचा दावा असतो. अमळनेरकडून येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका शेतकरी गृहस्थांना अशा घड्याळाने कित्येक आठवडे एकशे दहा ते एकशे वीस यांच्या दरम्यानचाच आकडा दाखविला, आणि प्रत्यक्ष रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर तीनशेच्या पुढे निघाली. "आबा, गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारता ते म्हणाले, "घड्याळ चांगलं दाखवत होतं ना साहेब, म्हणून सकाळचीच घ्यायचो." घड्याळ मुलाने वडिलांच्या काळजीपोटी मागविले होते. त्यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता, आणि म्हणूनच या विषयावर सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

या घड्याळाच्या मागच्या बाजूस हिरवा प्रकाश टाकणारे बारीक दिवे आणि परतणारा प्रकाश टिपणारा सेन्सर, एवढीच सामग्री असते. प्रत्येक ठोक्यास त्वचेखालील रक्तवाहिन्यांत रक्ताचे प्रमाण किंचित वाढते व घटते, त्याबरोबर परतणारा प्रकाशही कमी-अधिक होतो, आणि त्यावरून नाडीची गती काढता येते. चांगल्या प्रतीच्या घड्याळात हे काम बऱ्यापैकी होते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु साखर मोजण्याचे साधनच ज्यात नाही, त्याने दाखविलेला साखरेचा आकडा हा मोजलेला नसतो. तो एक आडाखा असतो. कोणास शंका असल्यास खातरजमा घरीच करता येईल. रावेर-यावलच्या केळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. एक केळे घेऊन त्यावर घड्याळ घट्ट बांधावे आणि मोजणी सुरू करावी. या स्वस्त घड्याळांपैकी कित्येक त्या केळ्याचीही नाडी सांगतात, कारण सालीवरून प्रकाश परतला, एवढेच त्यांना पुरते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर सूचना काढून, त्वचेला छेद न देता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, आणि अशा एकाही उपकरणास आपली मान्यता नाही, असे स्पष्ट बजावले होते. दंडावर चिकटवावयाचे जे सेन्सर आम्ही काही रुग्णांना लिहून देतो त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली जातो, आणि त्यांचा आकडा मोबाइलवर दिसला तरी मोजणी शरीराच्या आतली असते. खोट्या आकड्याचा धोका दुहेरी आहे. तो कमी दिसला तर औषध सुटते, आणि साखर वर्षानुवर्षे मूत्रपिंड व डोळ्यांचा पडदा पोखरीत राहते. तो जास्त दिसला आणि त्यावरून कोणी इन्सुलिन वाढविले, तर काही तासांतच साखर घसरून माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

आता ही खरेदी इतक्या तातडीने का होते, याचाही विचार वैद्यकाच्या कक्षेत येतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की एकदा सवय झाल्यावर डोपामिन स्रवणाऱ्या पेशी प्रत्यक्ष बक्षीस मिळताना नव्हे, तर बक्षीस मिळणार याची खूण दिसताच चेतविल्या जातात. सबब मागणी नोंदविण्याच्या क्षणी मन जितके प्रफुल्ल असते, तितके ते पार्सल उघडल्यावर राहत नाही, आणि पुढच्या खरेदीची ओढ पुन्हा लागते. रात्री अकरानंतर, थकल्या मेंदूचा विवेक शिथिल असताना, "फक्त सात मिनिटे शिल्लक" अशी उलटी गणती समोर धावू लागली, की शहानिशा करण्यास अवसरच राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली असून, खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतील एक आहे. माझा सल्ला इतकाच, की रात्री पसंत पडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दुपारी मागवावी. झोप झाल्यावर तिची गरज बहुधा ओसरलेली असते.

मात्र एका गोष्टीकडे कुटुंबीयांनी विशेष लक्ष द्यावे. कंपवाताच्या रुग्णांना दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे काही जणांत अनावर खरेदीची किंवा जुगाराची प्रवृत्ती उत्पन्न करतात. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले वडील उतारवयात एकाएकी दररोज पार्सले मागवू लागले, तर त्यांना बोल लावू नये, आणि औषध परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांना कळवावे, मात्रा बदलून बहुतेकांत ही प्रवृत्ती आटोक्यात येते. झोप कमी, बडबड अधिक आणि खर्च अमर्याद, अशी तिन्ही लक्षणे एकदम दिसल्यास तो उन्मादाचा आजार असू शकतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब न्यावे.

घरी रक्तदाब मोजावयाचाच असेल, तर दंडाला पट्टी बांधावयाचे स्वयंचलित यंत्र घ्यावे आणि आपल्या डॉक्टरांच्या यंत्राशी ते एकदा ताडून पाहावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा, आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेनिशी वहीत लिहावेत. चोपडा असो वा साक्री, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखरेची तपासणी होते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. खोट्या दाव्यावर विकल्या गेलेल्या मालाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही नोंदविता येते. त्यासाठी पावती व जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे.

ज्यांनी असे घड्याळ आधीच घेतले आहे, त्यांनी वेळ पाहण्यास व पावले मोजण्यास ते अवश्य वापरावे. परंतु त्याच्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त केले असेल, तर या आठवड्यातच रक्त तपासून घ्यावे आणि तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे.